उत्तर खाली लिहायचं असतं

प्रिय ईशान आणि रेवा,

रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशाननं मला विचारलं, "आजी, शेजारच्या शेळके आजोबांना आमच्या सुतारकामाच्या फोरमवर का नाही आणत? त्यांच्या वस्तूंचे फोटो टाकले तर खूप लाइक्स मिळतील." मी हसले आणि विषय बदलला. एक तर उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तुझा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला होता. म्हणून लिहायला बसले आहे. कॅनडात राहून तुम्हा दोघांना मराठी वाचता येतं आहे तोवर वाचून घ्या.

शेळक्यांना काहीही विचारा, ते आधी तुमचा प्रश्न तुम्हालाच परत म्हणून दाखवतात. "तुम्ही म्हणालात, आज टँकर येणार का. त्याला माझं उत्तर: मला काय माहीत." एवढं ऐकण्यासाठी माणसानं उन्हात उभं राहायचं. भाजीवाल्यालाही सुटका नाही. "तू म्हणला, मेथी ताजी हाये. त्याला माझं उत्तर: नाय." रेवा, तू लहान असताना त्यांना सगळ्या कॉलनीसमोर एक प्रश्न विचारला होतास. दुसऱ्या कुणी हसून टाळलं असतं. हे गृहस्थ खणखणीत आवाजात म्हणाले, "तू म्हणाली, तुमच्या नाकातून केस का येतात. त्याला माझं उत्तर: वय."

आमची दोन्ही रो-हाउसं एका भिंतीची आहेत. शेळके चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्त झाल्यापासून फावल्या वेळात सुतारकाम करतात, आणि फावला वेळ म्हणजे आता सगळा दिवस. दुपारी मी पुस्तक उघडलं की भिंतीपलीकडे पटाशीवर हातोडा पडू लागतो. मी भिंतीवर तीनदा टकटक करते. तिकडून तीनदा टकटक होते, आणि मग ठोकाठोक पुन्हा सुरू. माझी टकटक आधी परत म्हणून दाखवली, मग उत्तर दिलं, असा त्याचा अर्थ.

ही खोड जन्मजात नाही. ती त्यांनी इंटरनेटवरून आणली.

तुमच्या जन्माच्या बऱ्याच आधी, इंटरनेटवर चित्रं दिसायच्या आधी, तिथे नुसती अक्षरं होती. एकेका विषयाचे गट असत. त्यांना न्यूजग्रुप म्हणत, पण बातम्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. कुणीही एक मजकूर लिहायचा, तो जगभर पोचायचा, आणि ज्याला वाटेल त्यानं त्याच्याखाली उत्तर लिहायचं. रंग नाही, फोटो नाही, अंगठा दाखवायची सोय नाही. शेळक्यांच्या कारखान्यात इंटरनेट घेतलं ते परदेशातून यंत्रांची माहिती मागवायला. शेळक्यांना तिथे हौशी सुतारांचा एक गट सापडला. यंत्रांच्या माहितीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

त्यांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरले. हे आयटीआय शिकून शहरात आले आणि इंग्रजी शिकले ते त्या गटात, पटाशीला धार कशी लावावी यावर गोऱ्या लोकांशी भांडून. त्यामुळे त्यांचं बोलणं पैठणकडचं आणि लिहिणं एखाद्या चिडक्या साहेबाचं, असा प्रकार झाला आहे.

त्या गटाचे नियम होते, आणि शेळक्यांनी ते मुंज झाल्यासारखे अंगी बाणवून घेतले. नव्यानं आलेल्यानं आधी गप्प राहून ऐकायचं, लगेच तोंड उघडायचं नाही. ते आमच्या कॉलनीत राहायला आले तेव्हा पहिले कित्येक महिने कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, मुके आहेत. समोरच्या बाईंनी तर त्यांच्या बायकोचं, सुमनबाईंचं, सांत्वनही केलं. दुसरा नियम म्हणजे समोरच्याचं वाक्य वर ठेवायचं आणि आपलं उत्तर त्याच्या खाली लिहायचं. तिसरा, सही चार ओळींच्या पुढे न्यायची नाही. शेळके कुरियरवाल्याच्या कागदावरही चार ओळी भरून सही करतात. नाव, गाव, "हौशी सुतार", आणि चौथ्या ओळीत "कृपया चित्रे पाठवू नयेत". कुरियरवाला बिचारा पाकीट हलवून बघतो, आत चित्रं तर नाहीत ना.

आता तुमच्या फोरमविषयी. ईशान, मागच्या वर्षी तू मला तिथे सभासद करून घेतलंस आणि मी मन लावून सगळं वाचलं. मी बँकेत होते, वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही. मला आढळलं ते असं. तिथे वस्तू फार कमी होतात आणि खरेदी फार होते. नवा रंधा आणला की त्याचा खोक्यासकट फोटो. मग खोक्यातून काढलेला फोटो. मग त्याच्या शेजारी कॉफीचा मग. त्याखाली पन्नास माणसं "सुंदर" म्हणतात. त्या रंध्याखाली एकदा तरी लाकूड गेलं का, ते कुणी विचारत नाही. जो जास्त बोलतो त्याला "उस्ताद" असा बिल्ला मिळतो. मला काही न करता "उमेदवार" असा बिल्ला मिळाला आहे, तो मी अजून काढू शकलेले नाही.

मी हे सगळं फोनवर शेळक्यांना दाखवायला गेले होते. त्यांनी लांबूनच पाहिलं.

"हे रुखवत हाये," ते म्हणाले. "मांडून ठेवलंय. कुणी खायचं नाय."

एवढ्यापुरतं आमचं एकमत झालं. पण मी तुझ्या ड्रॉवरचा फोटो पुढे केला, तो नीट बसत नाही म्हणून तू विचारलं होतंस ना, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"फोटू नको. सांगा."

"अहो, समोर आहे. बघा की."

"तुम्ही म्हणालात, बघा की. त्याला माझं उत्तर: सांगा." आणि त्यांनी डोळे मिटले, अंगठा हवेत धरला आणि एखाद्या अदृश्य फळीवरून फिरवावा तसा फिरवू लागले.

मी सांगितलं, एक तपकिरी खोकं आहे.

"तपकिरी ही काय माहिती झाली? कड हाताला लागती का? कोपऱ्यात नख जातं का?"

मी कॅनडातल्या खोक्याच्या कोपऱ्यात नख कसं घालणार होते? मी सुमनबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते असंच करतेत. डोळे मिटले की समजायचं, घरात आपन एकटं."

त्या गटाचं पुढे व्हायचं तेच झालं. वेबवर फोटोंचे फोरम निघाले आणि लोक तिकडे गेले. गट ओस पडला. नकली घड्याळं आणि टकलावर केस उगवण्याची औषधं विकणारे तेवढे उरले. शेळके मात्र रोज आंघोळ करून कपाळाला बुक्का लावून संगणकापुढे बसतात, जाहिरातींचा कचरा काढतात, आणि कुणी काही लिहिलं आहे का ते बघतात. ओसाड देवळात झाडू मारणारा माणूस एकवेळ समजू शकते. इथे तर देवही नव्हता.

मी एकदा विचारलं, "आता आहे कोण तिथे?"

"तुम्ही म्हणालात, आता हाये कोन तिथं. त्याला माझं उत्तर: हाये एक जन. वॉल्टर. स्कॉटलंडचा."

"एकटाच? मग त्याला सरळ फोन करा."

त्यांनी पडद्यावरची आणखी एक जाहिरात पुसली.

"आणि बाकीचे?"

"ते कळत नाय. फोरमवर गेला का देवाघरी गेला, मागं आवाज सारखाच ऱ्हातो."

आता मला त्यांनी विहिरीत कसं टाकलं, ते सांगते. गटात एखादा माणूस नकोसा झाला की त्याचं नाव एका यादीत टाकायचं. मग त्याचे मजकूर आपल्याला दिसेनासे होतात. तो बोलत राहतो, आपल्यापुरता तो संपला. यादीत टाकताना एकच शब्द लिहायची पद्धत होती: प्लंक. विहिरीत दगड पडल्याचा आवाज. शेळके ही पद्धत जिवंत माणसांना लावतात. सकाळी उठून फुलांची चित्रं पाठवणारी अर्धी कॉलनी त्या विहिरीत आहे.

मी सोसायटीची सेक्रेटरी. दिवाळीच्या सुमारास शेळक्यांनी फाटकाजवळच्या दिव्याविषयी अर्ज केला. मी अर्जाच्या डोक्यावर "मंजूर" असं लिहून सही केली आणि परत दिला. ते तो कागद घेऊन दारात आले.

"म्याडम, तुम्ही उत्तर वर लिहिलं."

"मंजूर केलंय ना? मग?"

"तुम्ही म्हणालात, मंजूर केलंय ना, मग. त्याला माझं उत्तर: काय मंजूर केलं ते खाली हाये. वाचणाऱ्यानं आधी उत्तर वाचायचं आन् मग प्रश्न? उद्या तुम्ही आधी चूळ भराल आन् मग जेवाल."

"शेळके, बँकेत मी जन्मभर अर्जाच्या वरच शेरा मारला. कुणी मेलं नाही."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "प्लंक."

त्या दिवसापासून मी नव्हतेच. फाटकात समोरून आले तर माझ्या आरपार बघून पलीकडच्या कुंडीला नमस्कार करतील, इतपत. मला त्याचं काही नव्हतं. पण आपल्याकडे नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार ते मला आधी कळतं, आणि मी ते भिंतीवरून सगळ्यांना ओरडून सांगते. शेळके अंगणात रंधा मारत होते. मी त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी पुढची साल काढली. त्यांची टाकी कोरडी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सुमनबाई आमच्या नळाला पाइप लावायला आल्या.

"ताई, पान्याचं मला सांगत जा. ह्यांनी तुमाला बुडवलंय."

"मला कळलंय ते."

"वाईट नका वाटून घेऊ. मला तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बुडवलंय."

असे आम्ही शेजारी होतो. मग उन्हाळ्याच्या तोंडाला शेळक्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचं, म्हणजे तसं साधं. पण त्यांचा एक डोळा कारखान्यात धातूचा कण जाऊन पूर्वीच अधू झाला होता आणि ऑपरेशन झालं ते चांगल्या डोळ्याचं. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस संगणक नाही, धूळ नाही, वाकायचं नाही. मला वाटलं, आता दुपारी वाचन होईल.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात सुमनबाई, आणि त्यांच्या खांद्याला धरून हिरवा चष्मा घातलेले शेळके. काखेत एक पाट. पाट म्हणजे तुम्ही इथे आलात की ज्यावर बसून जेवायचा हट्ट करता आणि मग पाय दुखतात म्हणून रडता, ते.

"म्याडम," ते म्हणाले.

"मी यादीत आहे ना?"

"तुम्ही म्हणालात, मी यादीत आहे ना. त्याला माझं उत्तर: काढलं."

"कधी?"

"आत्ताच. दारात."

मी त्यांना आत घेतलं. सुमनबाई चहा करायला परस्पर स्वयंपाकघरात गेल्या. प्रकरण असं होतं. त्या वॉल्टरनं एकदा विचारलं होतं, तुम्ही जेवायला कशावर बसता. शेळक्यांनी पाटाचं वर्णन लिहिलं, आणि वॉल्टरला पाट करायची लहर आली. त्याची बायको गेल्या वर्षी वारली. तिचं जेवणाचं मोठं टेबल एकट्याला नकोसं झालं होतं, त्याच टेबलाची फळी त्यानं पाटाला घेतली. पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या असतात. शेळके त्यांना खिळा मारत नाहीत. फळीला आतून रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच पाडतात आणि पट्टी एका बाजूनं सरकवत नेतात. वॉल्टरची पट्टी निम्म्यात जाऊन अडकली होती, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यानं विचारलं होतं: पुढे जात नाही, मागे येत नाही, हातोडा मारू का?

"मारला तर फळी चिरली समजा," शेळके म्हणाले. "बायकोच्या टेबलाची हाये. दुसरी कुठून आननार? आज उत्तर गेलं पायजे."

मी एम.ए. इंग्लिश. मी म्हटलं, सांगा, लिहून पाठवते, दहा मिनिटांचं काम आहे.

त्यांनी पाट उलटा करून मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि सांगायला लागले. डाव्या हाताचा अंगठा खाचेच्या तोंडाशी ठेव. नखाची पाठ आतल्या कडेला टेकव. आता अंगठा उजवीकडे ने, कुठं नख दाटतं ते बघ. दाटतं तिथं थांब. तिथून पट्टीच्या टोकापर्यंत किती बोटं राहतात ते मोज. आणि असंच पुढे, एका वीतभर खाचेची काशीयात्रा. पहिला पेला चहा संपला तरी आम्ही खाचेच्या पहिल्याच टोकाला होतो.

शाळेत असताना मला सारांशलेखनात कधी कुणी मागे टाकलं नाही. पानभर मजकूर द्या, मी त्याचं सार एका परिच्छेदात काढून देते. मी तेच केलं. अंगठे, नखं, बोटं सगळी काढून टाकली. "हातोडा मारू नये. फळी कोरडी होऊ द्यावी. रचना समजण्यासाठी सोबतचे छायाचित्र पाहावे," असं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. शेळके डोळे मिटूनच बसले होते, तेवढ्यात मी फोननं उलट्या पाटाचा झकास फोटो काढला, तुझ्या फोरमवर टाकला, कारण गटात फोटो जात नाही, आणि त्याचा पत्ता मजकुरात चिकटवला. उत्तर अर्थातच वर लिहिलं. वॉल्टरचं वाक्य खालून कापून टाकलं. त्याला त्याचा प्रश्न आठवत असेलच.

"गेलं?" शेळक्यांनी विचारलं.

"गेलं."

फोरमवर त्या फोटोला तासाभरात ढीगभर अंगठे आले. एकानं विचारलं, हा स्केटबोर्ड आहे का. एका उस्तादानं खाच पाडायचं एक महागडं यंत्र सुचवलं आणि त्याचा खोक्यासकट फोटो टाकला. तिसऱ्यानं सुंदर म्हटलं. पट्टी अडकली तर काय करावं, ते कुणीच सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा. पण विचारलं असतं तरी यंत्रच मिळालं असतं.

दुपारी वॉल्टरचं उत्तर आलं. मी शेळक्यांना बोलावून वाचून दाखवलं; त्यांना घेऊन आलेल्या सुमनबाई पुन्हा चहा ठेवायला आत गेल्या होत्या. मराठीत ते असं होतं: "मित्रा, तुझी भाषा आज एकदम सुधारली आहे, त्यामुळे काळजी वाटते. कुणा वकिलाकडून लिहून घेतोस का? सोबत छायाचित्र आहे असं कळलं. त्यात काय आहे ते कुणी मला सांगेल का? हातोडा खाली ठेवला आहे, पण मी फार सोशिक माणूस नाही, हे तुला ठाऊक आहेच."

मी वाट बघितली. "तुम्ही म्हणालात" आलं नाही. वॉल्टरचं वाक्य असूनही शेळक्यांनी ते परत म्हणून दाखवलं नाही.

"फोटू लावला का तुम्ही?" त्यांनी हळू विचारलं.

"लावला. एका फोटोत जे कळतं त्याला तुम्ही चार पानं..."

"त्याला दिसत नाय, म्याडम."

स्वयंपाकघरात सुमनबाईंनी गॅस बंद केला.

"कधीपासून?"

"तरुनपनापासून. त्याचं यंत्र त्याला अक्षरं वाचून दाखवतं. अक्षरं. फोटू नाय वाचत ते."

"आणि हे तुम्ही मला आधी सांगायचं नाही?"

"त्यानंच कुनाला सांगितलं नव्हतं. गटात समद्यांना वाटायचं, लई बारीक काम करनारा मानूस हाये. बास. आंधळा असून करतो म्हनून कुनी टाळ्या वाजवू नयेत, म्हनून गप ऱ्हायचा. मग लोक फोरमवर निघाले. मी बी निघालो व्हतो. शेवटचा निरोप लिहिला, तू बी चल म्हन्लं. तवा त्यानं मला एकट्याला कळवलं. तिथं समदे फोटू लावतेत आन् खाली भारी भारी लिहितेत, म्हन्ला. मला त्यातलं भारी तेवढं ऐकू येतं."

"मग?"

"मग काय. नाय गेलो."

सुमनबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "एवढी वर्सं ह्या वॉल्टरला मी सवत समजत व्हते," त्या म्हणाल्या, आणि परत आत गेल्या.

मला माफी मागायची सवय नाही, आणि आधी सांगितलं असतं तर हे झालं नसतं, असं माझं आजही म्हणणं आहे. मी ते शेळक्यांना सांगितलंही. मग टेबलावरचं सामान बाजूला केलं, वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर पाट उलटा ठेवला, आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांगा. अंगठा कुठे ठेवायचा?"

"आधी त्याचं वाक्य वर घ्या."

घेतलं.

"आता तुमचा अंगठा हितं ठेवा. डोळे मिटा."

"मी टाइप कशी करणार?"

"तुम्ही म्हणालात, मी टाइप कशी करणार. त्याला माझं उत्तर: आधी हाताला कळू द्या, मग करा."

ईशान, तुझी आजी त्या दुपारी डोळे मिटून एका पाटाच्या बुडाला नख लावून बसली होती. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर सेक्रेटरीपद गेलं असतं. मी लिहिलं, पट्टी घट्ट आहे. शेळके म्हणाले, घट्ट म्हणजे किती, बरणीच्या झाकणासारखी का दाराच्या कडीसारखी? मी लिहिलं, थोडी तासावी. ते म्हणाले, थोडी नाय, कांद्याच्या वरच्या पापुद्र्याएवढी. पट्टी बारीक असते, ती फळीच्या आधी सुकते, म्हणून चार दिवस ऊब लागेल अशा जागी ठेव. मग पट्टीच्या निमुळत्या टोकाकडून, मध्ये लाकडाचा ठोकळा धरून, दार वाजवतात तेवढंच वाजव. निघाली की पापुद्रा काढ, मेणबत्ती घास, आणि परत सरकव. डिंक लावू नको, लाकडाला हलायला जागा लागते. शेवटी त्यांनी एक ओळ घालायला लावली: लिहिणारी वकील नाही, शेजारच्या बाई आहेत, आणि खाचेत अंगठा त्यांचाच होता. अंधार पडायच्या सुमारास मजकूर पुरा झाला. मी त्यातला एकही शब्द कापला नाही. दोन ठिकाणी व्याकरण दुरुस्त केलं, ते शेळक्यांना कळायचं कारण नव्हतं.

मग आम्ही वाट बघू लागलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. शेळके रोज सकाळी बुक्का लावून, हिरवा चष्मा घालून माझ्या दारात यायचे, आणि मी केसांच्या औषधांचा कचरा काढून बघायची. काही नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी काही नाही. शेळके उठताना दर वेळी तेच म्हणायचे, "सुकायला वेळ लागतो," आणि मला कळत होतं की ते पट्टीबद्दल बोलत नाहीत. फोरमवर गेला का देवाघरी, मागं आवाज सारखाच राहतो, हे त्यांचंच वाक्य होतं.

एका सकाळी आलं. वर आमचं सगळं लांबलचक वर्णन, त्यातलं लागेल तेवढंच ठेवलेलं, आणि खाली वॉल्टर. पट्टी निघाली. फळी शाबूत आहे. पाट झाला. "त्यावर बसलो," असं त्यानं लिहिलं होतं, "आणि उठण्यासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागली. तुमच्या देशात लोक जेवणानंतर उठतात कसे?" शेवटी एक ओळ होती: "वकीलबाईंना माझा नमस्कार. त्यांचा अंगठा चांगला आहे."

शेळक्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "तुम्ही वाचलंत, त्यांचा अंगठा चांगला आहे. त्याला माझं उत्तर: ठीक हाये. शिकतील."

तर ईशान, शेळके आजोबा तुझ्या फोरमवर येणार नाहीत, आणि तू आता त्यांना विचारूही नकोस. ड्रॉवरचं विचारायचं असेल तर डोळे मिटून कोपऱ्यात नख घालून बघ आणि मला शब्दांत लिही. तपकिरी आहे एवढं लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही. वॉल्टरनं तुम्हा दोघांपुरती स्वतःची गोष्ट सांगायला परवानगी दिली आहे. मी विचारल्याशिवाय लिहिलेलं नाही.

शेळक्यांचा डोळा बरा झाला. दुपारची ठोकाठोक पुन्हा सुरू आहे. सोसायटीच्या अर्जांवर मी शेरा अजूनही वरच मारते, आणि त्यापायी मधल्या काळात आणखी एकदा विहिरीत जाऊन आले. सुतारकामात मला रस नाही.

गट अजून आहे. नकली घड्याळं आणि केसांच्या औषधांच्या मधोमध आम्ही तिघं आहोत. काल मी वॉल्टरला विचारलं होतं की त्याच्याकडे आता थंडी कमी झाली का. आज सकाळी त्याचं आलं. वर माझा प्रश्न होता, आणि खाली त्याचं उत्तर.